काच फुंकायला शिकायचीय? आधी ती थंड कशी करतात ते विचारा

प्रश्न असा आला आहे: "मालवणजवळ आमचा होमस्टे आहे. काच फुंकण्याचे व्हिडिओ पाहून हे शिकावंसं फार वाटतंय. कोकणात राहून जमेल का? कुठल्या वर्गाला जावं? पुढे घरी भट्टी घालता येईल का? किनाऱ्यावर सापडणाऱ्या बाटल्या, अगदी आपली वाळूसुद्धा, वितळवून काही करता येईल का?"

जमेल. मात्र सुरुवात फुंकणीपासून नको, गॅसच्या ज्योतीवर मणी करण्यापासून करा. आणि वर्ग निवडताना फी, जागा, शिकवणाऱ्याचं नाव या सगळ्याच्या आधी एक गोष्ट विचारा: "मी केलेली वस्तू माझ्या हातात कधी मिळेल?" छोटे मणी सकाळी केले तर एखाद्या लहान भट्टीतून ते संध्याकाळपर्यंत निघू शकतात. पण फुंकलेला पेला किंवा पेपरवेट "लगेच घेऊन जा" असं कुणी म्हणालं, तर तिथे पैसे भरू नका.

मी रत्नागिरी तालुक्यात ज्योतीवर काम करते आणि नवशिक्यांना शिकवते. त्याआधी मुंबईत प्रयोगशाळेसाठी काचसामान करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात माझा हात बसला. तिथे साधी वाकवलेली नळीसुद्धा थंड करण्याच्या भट्टीतून गेल्याशिवाय गिऱ्हाइकाकडे जात नसे. कलेच्या वर्गांत मात्र हीच पायरी सर्रास गाळली जाते, कारण ती दिसत नाही, तिचे फोटो निघत नाहीत आणि ती रात्रभर वीज खाते.

घडतं ते असं. गरम काच बाहेर काढली की वरचा थर आधी थंड होऊन आखडतो, आतला भाग अजून गरमच असतो. मागाहून तोही आखडू लागतो, पण तोवर वरचा थर कडक झालेला असतो. ही ओढाताण काचेत तशीच गोठून राहते. वस्तू दिसायला सुरेख असते. मग चार दिवसांनी, कधी महिन्याने, कुणी हातही न लावता ती टिचते. म्हणून काच ताण सोडेल इतक्या तापमानाला ठरावीक वेळ धरून ठेवायची आणि मग सावकाश उतरवायची. याला ॲनीलिंग म्हणतात. मण्यांच्या मऊ काचेला हे तापमान साधारण ५१० अंश सेल्सिअस लागतं, बोरोसिलिकेटला, म्हणजे प्रयोगशाळेच्या सामानाच्या कडक काचेला, ५६० च्या आसपास. बोटाच्या पेराएवढ्या मण्याला अर्धा-पाऊण तास पुरतो. पण जाडी वाढली की वेळ भराभर वाढतो. मुठीएवढ्या पेपरवेटला रात्र जाते. पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी कॉर्निंगच्या कारखान्यात १९३४ मध्ये २०० इंची काचेची चकती ओतली, ती थंड करायला जवळजवळ १० महिने लागले होते.

हा ताण तुम्हाला घरी बघता येतो. लॅपटॉपवर पूर्ण पांढरा पडदा लावा. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून हळूहळू फिरवा. एका कोनात पडदा काळाठिक्कर होईल. आता पडदा आणि गॉगल यांच्यामध्ये काचेची वस्तू धरा. नीट थंड केलेली असेल तर काळोख तसाच राहील. ताण असेल तर काच त्या काळ्या पडद्यावर उजळते, कडेला पांढरे पट्टे दिसतात, ताण फार असेल तर रंगही. वर्गात जाण्याआधी तिथे विकायला ठेवलेला एखादा नग असा तपासून घ्या. चांगला शिक्षक यावर रागावणार नाही, उलट खूश होईल.

आता प्रकार. रंगीत काच कापून तुकडे जोडायचं काम, ज्याला सगळे स्टेन्ड ग्लास म्हणतात, ते थंड काम. भट्टी लागत नाही. चाकाच्या कटरने काचेवर रेघ ओढायची, पकडीने रेघेवर मोडायची, कडा ओल्या दगडावर घासायच्या, कडेला तांब्याची पट्टी लावून डाक (सोल्डर) द्यायचा. हे मुंबई-पुण्यात शनिवार-रविवारच्या वर्गात शिकता येतं आणि होमस्टेच्या खिडकीत लगेच शोभतं. डाकात बहुधा शिसं असतं, तेव्हा त्या टेबलावर चहा-खाणं नको, हात साबणाने धुवायचे आणि घरात कुणी गरोदर असेल तर बिनशिशाचा डाक आणायचा. दुसरा प्रकार फ्यूजिंगचा: काचेचे तुकडे रचून विजेच्या भट्टीत सुमारे ८०० अंशांवर एकजीव करायचे, मग पुन्हा ६५०-६८० अंशांवर साच्यात बसवून बशी-वाडग्याचा आकार द्यायचा. तिसरा ज्योतीवरच्या कामाचा आणि चौथा मोठ्या भट्टीतून फुंकणीवर काच घेऊन फुंकण्याचा, जो तुम्ही व्हिडिओत पाहिलात.

ज्योतीवरच्या पहिल्या दिवसाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण काचेचा सगळा स्वभाव तिथे कळतो. स्टीलच्या बारीक सळईवर मातीचा पातळ लेप देऊन ती वाळवलेली असते. लेप नसेल तर मणी सळईला कायमचा चिकटतो. डाव्या हातात ही सळई, उजव्या हातात काचेची कांडी. कांडी एकदम ज्योतीत घातली की टोक तडकतं आणि कपची उडते. म्हणून ती ज्योतीच्या टोकाशी आत-बाहेर करत तापवायची. मग ती लाल होते, टोकाला गोळी जमते, आणि नवखा माणूस नेमका इथे घाबरून ती ज्योतीबाहेर काढतो. काढायची नाही. गोळी काकवीसारखी ओघळायला लागली की सळईला टेकवायची आणि सळई आपल्यापासून पलीकडे फिरवत काच गुंडाळायची. त्यानंतरचं काम एकच, फिरवणं. एका गतीने, न थांबता. काच स्वतःहून गोल होऊ पाहते. तुम्ही फिरवायचे थांबलात की ती खाली झुकते. मण्याची दोन्ही तोंडं आतल्या बाजूला वळली, म्हणजे भोकाशी छोटी खळी पडली, की मणी जमला. तोंडाशी धारदार कंगोरा राहिला तर तो दोरा कापणार. शेवटी ज्योतीच्या लांबच्या, मवाळ भागात फिरवत लाली उतरू द्यायची आणि सळईसकट मणी भट्टीत. काही वर्गांत भट्टीऐवजी मणी गरम राखेत किंवा सिरॅमिकच्या लोकरीत ठेवतात. त्याने थंड होणं लांबतं, ताण पूर्ण जात नाही. असा मणी घरी आणलात तर नंतर भट्टीत हळू तापवून पुन्हा ॲनील करता येतो, मात्र तोवर तो टिचलेला नसावा.

पहिल्याच दिवशी मणी होतो. गोल आणि हवा तसा व्हायला काही महिने नियमित बसावं लागतं, आणि हातांना एकदा फिरवण्याची सवय लागली की मोठ्या फुंकणीवर तुमचे पहिले तास वाया जात नाहीत.

तुम्हाला फुंकायचंच आहे हे मी विसरलेले नाही. ते ज्योतीवरही करता येतं, आणि माझ्या मते कोकणात राहणाऱ्याला हाच खरा रस्ता आहे. बोरोसिलिकेटची नळी घ्यायची, एक टोक ज्योतीत बंद करायचं, हवा तो भाग फिरवत मऊ करायचा आणि दुसऱ्या टोकाने फुंकायचं. सगळे नवशिके काच ज्योतीत असतानाच फुंकतात. मग फुगा अभ्रकासारखा पातळ होऊन फुटतो आणि त्याचे पापुद्रे खोलीभर उडतात. नळी ज्योतीबाहेर काढा, क्षणभर थांबा, मग हलकेच फुंका. त्या क्षणात पातळ भाग आधी निवून आवळतो, जाड भाग मऊ असल्यामुळे फुगतो, आणि भिंत आपोआप सारखी होते. झुंबराचे लोलक, छोट्या कुप्या, टांगायचे पोकळ मासे असं सगळं यात येतं. मुंबई-पुण्यात हे हात अजून आहेत. पुण्याच्या एनसीएलसारख्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) संस्थांत ग्लासब्लोइंगचे स्वतंत्र विभाग आहेत, तिथे संशोधनाची उपकरणं बनतात. ते बाहेरच्यांसाठी छंदवर्ग चालवत नाहीत, पण काचसामानाच्या छोट्या कारखान्यांत आणि निवृत्त कारागिरांकडे चौकशी करा. अशा माणसाकडे एक आठवडा बसायला मिळालं तर महागड्या कार्यशाळेपेक्षा जास्त पदरात पडेल.

मोठ्या भट्टीचे वर्ग भारतात थोडेच आहेत, आणि त्याला कारण आहे. अशा भट्टीत काच ११०० अंशांच्या आसपास रात्रंदिवस वितळलेली ठेवावी लागते. गॅसची शेगडी संध्याकाळी बंद करावी तशी ही बंद करता येत नाही; थंड केली की मूस, म्हणजे काच वितळवायचं भांडं, तडकण्याची भीती, आणि पुन्हा चढवायला दिवस लागतात. खरं तर एका माणसाच्या स्टुडिओत असं काम होऊ शकतं ही कल्पनाच अलीकडची. १९६२ मध्ये अमेरिकेत टोलिडो इथे हार्वी लिटलटन यांनी छोट्या भट्टीचा प्रयोग केला, डॉमिनिक लबिनो यांनी कमी तापमानाला वितळणाऱ्या काचेच्या गोट्या पुरवल्या तेव्हा तो जमला. त्याआधी हे कारखान्याचं काम होतं. आपल्याकडेही तसंच: तळेगावला १९०८ मध्ये पैसा फंडाचा, म्हणजे लोकांच्या पैसा-पैसा वर्गणीतून जमलेल्या निधीचा, काच कारखाना उभा राहिला, नंतर ओगलेवाडीचा, जिथला प्रभाकर कंदील कोकणातल्या कितीतरी घरांच्या माजघरात टांगलेला असे.

म्हणून मोठ्या भट्टीचा अनुभव घ्यायला दिल्ली-फिरोजाबादकडे जावं लागेल. फिरोजाबादला काच उद्योगासाठीचं सरकारी विकास केंद्र आहे. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्था) सिरॅमिक आणि काच डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, पण तो पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी. खासगी स्टुडिओत जाणार असाल तर स्पष्ट विचारा की फुंकणी कोणाच्या हातात असणार. बऱ्याच ठिकाणी दोन तासांच्या "अनुभवात" शिक्षकच काच घेतो, तोच फिरवतो, तोच आकार देतो आणि तुम्ही फक्त त्याने सांगितल्यावर एकदा फुंकर मारता. सहलीला गेलेल्यासाठी ते छान आहे. शिकायला ते पुरत नाही. किमान दोन-तीन दिवसांचा वर्ग हवा, जिथे पहिला दिवस नुसती काच घेण्यात आणि लोखंडी पाट्यावर लोळवण्यात जाईल, भरीव पेपरवेट होतील आणि पेला तिसऱ्या दिवशी कधीतरी येईल. तिथे तुम्हाला ओला कागद हातात देतील. वर्तमानपत्राच्या बऱ्याच घड्या करून, भिजवून केलेली ती गादी तळहातावर घेऊन तापलेली काच सरळ त्यात फिरवायची. मध्ये वाफेचा थर राहतो म्हणून हात भाजत नाही. काळ्या शाईचा साधा कागदच चांगला, गुळगुळीत रंगीत पुरवणी नको. काचेची हालचाल तळहाताला थेट कळते अशी ही एकच जागा आहे, आणि तेवढ्यासाठी तरी प्रवास करावा असं मला मनापासून वाटतं.

घरच्या भट्टीचं आता. मण्यांची छोटी विजेची भट्टी १५ अँपिअरच्या प्लगवर चालते, पण वायरिंग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. इन्व्हर्टरवर ती चालत नाही. वीज गेली तर दार उघडू नका. विटांची भट्टी बंद राहिली तर स्वतःच हळू निवते आणि छोट्या मण्यांना सहसा काही होत नाही. भट्टीचं तापमान सांभाळणारा कंट्रोलर घेताना वीज परत आल्यावर तो पुढचा कार्यक्रम चालू करतो का ते विचारा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा प्रश्न रोजचा. पावसाळ्यात विटा ओल धरतात, म्हणून आधी शंभरेक अंशांवर दार किंचित फटीत ठेवून ओल जाऊ द्यायची, मगच वर चढवायचं. मातीचा लेपही वाळत नाही, तो ज्योतीच्या उबेवर वाळवावा लागतो. खारी हवा विजेच्या जोडण्या खाते, त्या अधूनमधून उघडून साफ करायच्या. काचेच्या कांड्या पीव्हीसी पाइपात घालून कोरड्या कपाटात ठेवा.

ज्योतीसाठी एलपीजी आणि ऑक्सिजन लागतो. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो. तेव्हा खोलीत वर खिडकी असून भागत नाही, खाली झरोका हवा. दोन्ही नळ्यांना ज्योत मागे जाऊ न देणारे व्हॉल्व बसवा. मऊ काचेच्या लहान टॉर्चला (ज्योत देणाऱ्या बर्नरला) कोविडनंतर अनेक घरांत पडून असलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालतो, पण दमटपणाने आतलं गाळणद्रव्य खराब होतं, म्हणून तो कोरड्या जागी ठेवा. आणि एक गोष्ट जी आपल्याकडे मुद्दाम सांगावी लागते: खोबरेल लागलेल्या हाताने ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला, नटाला हात लावायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की पेट घेतात. केसांना तेल लावून आलेल्या विद्यार्थ्याला मी आधी हात धुवायला पाठवते.

कपडे सुती, पायात बंद बूट, ओढणी बाजूला, केस बांधलेले. डोळ्यांना डिडिमियमचा चष्मा. सोड्यामुळे ज्योत पिवळी भगभगते, तो पिवळा प्रकाश हा चष्मा गाळतो आणि काच खरी कशी आहे ते दिसतं. बोरोसिलिकेटला त्याहून गडद चष्मा लागतो. भाजण्याचे प्रसंग बहुतेक ज्योतीत होत नाहीत, टेबलावर होतात: लाली उतरलेली काच चारशे अंशांना असली तरी थंड काचेसारखीच दिसते. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको.

बाटल्यांबद्दल. प्रत्येक काच तापल्यावर किती फुगते याचा आकडा असतो, कारागीर त्याला सीओई म्हणतात. मण्यांची मऊ काच १०४, फ्यूजिंगची ९० किंवा ९६, बोरोसिलिकेट ३३. वेगळ्या आकड्याच्या दोन काचा एकत्र वितळवल्या तर त्या निवताना वेगवेगळ्या आखडतात आणि सांध्यावर तडकतात, कितीही सावकाश थंड करा. दोन कंपन्यांच्या बाटल्यांचा आकडा सारखा असेल याची खात्री नसते. त्यामुळे एका वेळी एकच बाटली, तिच्यात दुसरं काही मिसळायचं नाही. कोकम सरबताची, आंब्याच्या रसाची रिकामी बाटली धुऊन, आडवी ठेवून ७८० अंशांच्या जवळपास चपटी केली की होमस्टेच्या टेबलावर सुंदर तबक होतं. भट्टी ७०० ते ८०० अंशांत फार रेंगाळली तर काचेवर पांढुरकी साय धरते, तेव्हा तो टप्पा लवकर पार करायचा. गोटी सोड्याच्या जुन्या बाटल्या मिळाल्या तर त्या वितळवू नका, तशाच ठेवा. समुद्राने घासून गुळगुळीत केलेले तुकडे कुठल्या काचेचे हे कळायला मार्ग नसतो. ते पाण्याखाली हिऱ्याच्या ड्रिलने भोक पाडून तारेत गुंफावेत. कोरडं कधीच घासायचं नाही, काचेची धूळ फुप्फुसात जाते.

वाळूची गंमत अशी की काचेची वाळू तुमच्याच जिल्ह्यात आहे. कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. किनाऱ्यावरची वाळू मात्र चालणार नाही. तिच्यात शिंपल्यांचा चुना असतो, आमच्या भाट्ये-काळबादेवीकडे तर इल्मेनाइटची काळी वाळू, ज्यात लोह आहे. लोह थोडं जरी असलं तरी काच हिरवी होते, जास्त असलं तर काळपट. शिवाय नुसती वाळू वितळायला सुमारे १७०० अंश लागतात. कारखान्यात सोडा घालून ते खाली आणतात आणि चुना घालून काच टिकाऊ करतात. घरी हे करायचा विचारही नको. तयार कांड्या आणि नळ्या घ्या.

मी तुमच्या जागी असते तर या क्रमाने गेले असते: गणपती झाल्यावर, हवा कोरडी होऊ लागली की, कणकवलीहून गाडी पकडून मुंबई-पुण्यात मण्यांचा दोन दिवसांचा वर्ग. आवडला तर आधी भट्टी, मग टॉर्च, याच क्रमाने खरेदी. टॉर्च आधी घेतला की भट्टी लांबणीवर पडते आणि तोवरचे सगळे मणी ताण घेऊन बसतात. उन्हाळ्याच्या आत नळी फुंकायला सुरुवात. परतताना वस्तू कागदात गुंडाळून आंब्याच्या लाकडी पेटीत पेंढ्यात बसवा, दोन नग एकमेकांना टेकू देऊ नका, आणि पेटी गाडीत वरच्या फळीवर न ठेवता आपल्या पायाशी ठेवा.